मेनफ्रेमवरून उतरवलेल्या फाइलमध्ये ४०० चे २०० का होतात: रेकॉर्ड हेक्समध्ये पाहणं आणि डंप काढणं

लक्षणं अशी असतात. मेनफ्रेमवर खातेदाराची शिल्लक ४००.०० दिसते. तीच फाइल लिनक्सवर उतरवून रिपोर्ट काढला की २००.०० येते. प्रोग्राम अडत नाही, लॉगमध्ये काही नसतं. काही रेकॉर्ड मधूनच तुटून दोन ओळींत जातात, काही ओळी आखूड निघतात. कुणीतरी ‘सोर्स डेटाच खराब आहे’ म्हणून तिकीट मागे पाठवतं, फाइल पुन्हा मागवली जाते, आणि पुढच्या महिनाअखेरीला परत तेच. इंदूरमध्ये बसून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची बॅच सांभाळणाऱ्यांकडे हे तिकीट भल्या सकाळी येतं, कारण तिकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. अशा वेळी घाईत फाइल पुन्हा मागवून काही साधत नाही. आधी तेच रेकॉर्ड, शिल्लकेच्या पाच बाइटांसकट, मेनफ्रेमवर पाहायचं, मग यूएसएसमध्ये (मेनफ्रेमवरच्याच युनिक्समध्ये) आणि मग लिनक्सवर. ज्या टप्प्यावर बाइट बदलले तिथेच दोष आहे. मेनफ्रेमवरचा मूळ डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो.

खालच्या कमांड आणि जेसीएल (मेनफ्रेमला जॉब सांगायची भाषा) देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे. जेसीएल आणि टीएसओ (मेनफ्रेमची कमांड लाइन) मोठ्या अक्षरांत, यूएसएस आणि लिनक्सच्या कमांड लहान अक्षरांत. जिथे पर्यायाचं अक्षर मोठंच लागतं तिथे तसं सांगितलं आहे. हेक्समधले (सोळाच्या पायावरच्या अंकांतले) ए ते एफ हेही तसेच वाचा.

नमुन्याचं रेकॉर्ड

पुढचं सगळं एकाच रेकॉर्डवर समजावून घेऊ. रेकएफएम एफबी (सगळी रेकॉर्ड एकाच लांबीची), एलरेकल ८० (ती लांबी, बाइटांत). कॉपीबुकाप्रमाणे (रेकॉर्डमधल्या फील्डची मांडणी सांगणारी कोबोलची फाइल) १ ते ६ खाते क्रमांक, ७ ते ३६ नाव, ३७ ते ४६ शहर, ४७ ते ५२ पिनकोड, ५३ ते ५७ शिल्लक (एस९(७)व्ही९९ कॉम्प-३, म्हणजे पॅक्ड: एका बाइटात दोन अंक, शेवटी चिन्ह), ५८ ते ५९ व्यवहारांची संख्या (एस९(४) कॉम्प, म्हणजे बायनरी), आणि ६० ते ८० फिलर, म्हणजे रिकामी जागा. शहराच्या फील्डमध्ये रोमन मोठ्या अक्षरांत इंदूर, पिनकोड ४५२००१, शिल्लक ४००.००, व्यवहार १२.

कॉपीबुक जवळ नसेल तर डंप (बाइटांची हेक्समधली छपाई) काढू नका, आधी कॉपीबुक मिळवा. नुसत्या हेक्सकडे बघून पॅक्ड फील्ड कुठे सुरू होतं याचा अंदाज बांधणारे हमखास एका बाइटने चुकतात.

मेनफ्रेमवर पाहणं

आयएसपीएफच्या (मेनफ्रेमवरचे मेनू आणि एडिटर) ३.४ मधून डेटासेटसमोर (मेनफ्रेमवरच्या फाइलसमोर) बी टाकून ब्राउज करा आणि कमांड लाइनवर ‘हेक्स ऑन’ द्या. प्रत्येक अक्षराखाली दोन ओळी येतात: वरच्या ओळीत बाइटचा पहिला निम्मा भाग, खालच्या ओळीत दुसरा. म्हणजे बाइट उभा वाचायचा. शिल्लकेच्या पाच बाइटांखाली वरची ओळ ० ० ४ ० ० आणि खालची ० ० ० ० सी अशी दिसेल. उभं वाचलं की ०० ०० ४० ०० ०सी. नवीन मंडळी या दोन ओळी आडव्या वाचतात आणि भलताच आकडा सांगतात. आडवं हवं असेल तर ‘हेक्स ऑन डेटा’ द्या.

एडिटमध्ये उघडू नका. पॅक्ड फील्ड असलेली फाइल एडिटमध्ये उघडली की न दिसणारी अक्षरं असल्याचा इशारा येतो आणि ‘फाइंड पी'.'’ वापरा असं आयएसपीएफ स्वतःच सुचवतं. ती कमांड उपयोगाचीच आहे, पण ती व्ह्यूमध्येही चालते. नाव आणि शहराच्या फील्डमध्ये कचरा शिरलाय का हे पाहायचं तर ‘फाइंड पी'.' ७ ४६’ द्या, म्हणजे फक्त ७ ते ४६ या रकान्यांत शोध होईल. त्या रकान्यांत काही सापडलं तर ते खरोखर तपासण्यासारखं आहे. ५३ ते ५९ मध्ये सापडलं तर ते साहजिकच आहे.

स्क्रीनवर पाहणं ठीक, पण तिकिटाला जोडायला कागद लागतो. तो आयडीकॅम्स या मेनफ्रेमवरच्या युटिलिटीने काढायचा.

//पीआर एक्झेक पीजीएम=आयडीकॅम्स
//सिसप्रिंट डीडी सिसआउट=*
//इन डीडी डीएसएन=आयएनडी१.कस्ट.मास्टर,डिस्प=एसएचआर
//सिसइन डीडी *
  प्रिंट इनफाइल(इन) डंप स्किप(२) काउंट(१)
/*

यात तीन गोष्टींकडे लक्ष द्या. प्रिंटची ओळ पहिल्या रकान्यात सुरू करायची नाही, दुसऱ्यापासून पुढे. डिस्प एसएचआरच ठेवायचं. ओल्ड दिलं तर तुमचा जॉब संपेपर्यंत तो डेटासेट दुसऱ्या कुणाला मिळत नाही, आणि रात्रीची बॅच चालू असेल तर ती तिथेच थांबते. आणि काउंट विसरायचा नाही. ऐंशी बाइटच्या एका रेकॉर्डला डंपमध्ये तीन ओळी लागतात, वर प्रत्येक रेकॉर्डचं शीर्षक वेगळं. दहा लाख रेकॉर्डांची फाइल काउंटशिवाय छापली तर तीस लाखांहून जास्त ओळी स्पूलवर (छपाईच्या रांगेत) जातात.

हीच कमांड टीएसओवरून थेटही चालते: प्रिंट इनडेटासेट('आयएनडी१.कस्ट.मास्टर') डंप स्किप(२) काउंट(१). डंपच्या जागी ‘कॅरेक्टर’ दिलं तर नुसती अक्षरं, ‘हेक्स’ दिलं तर नुसते आकडे. डंपमध्ये दोन्ही शेजारी शेजारी येतात, म्हणून तोच वापरावा.

डंपमधली दुसरी ओळ अशी दिसेल:

००००२० ४०४०४०४० सी९डी५सी४डी६ डी९सी५४०४० ४०४०एफ४एफ५ एफ२एफ०एफ०एफ१ ००००४००० ०सी०००सी४० ४०४०४०४०

एका ओळीत ३२ बाइट, चार-चारांचे आठ गट. डाव्या बाजूचा ००००२० हा हेक्समधला ऑफसेट आहे, म्हणजे दशमानात ३२. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. कॉपीबुकात मोजणी एकपासून, डंपात शून्यापासून. शिल्लक ५३ व्या स्थानी, म्हणजे ऑफसेट ५२. त्यातून ३२ वजा केले की २०. पाच गट सोडायचे आणि सहाव्या गटाच्या पहिल्या बाइटपासून वाचायचं. तिथे ००००४००० आहे आणि पुढच्या गटाचा पहिला बाइट ०सी. पाचही जोडले की ००००४००००सी: अंक ००००४००००, चिन्ह सी, म्हणजे अधिक. दोन दशांश सोडले की ४००.००.

आता सातवा गट नीट पाहा: ०सी०००सी४०. यात ०सी दोनदा आलंय. पहिला ०सी हा शिल्लकेचा शेवटचा अंक आणि चिन्ह. दुसरा व्यवहारांच्या संख्येचा खालचा बाइट, म्हणजे दशमान १२. बाइट सारखाच, अर्थ पूर्ण वेगळा, आणि तो अर्थ फक्त कॉपीबुक सांगतं. म्हणून आधी कॉपीबुक.

शहराचे बाइट सी९ डी५ सी४ डी६ डी९ सी५ आणि पुढे ४० म्हणजे एब्सिडिकमधली (मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतातली) स्पेस. पिनकोडचा प्रत्येक अंक एफ ने सुरू होतो: एफ४ एफ५ एफ२ एफ० एफ० एफ१. हे झोन्ड अंक, एका बाइटात एकच. झोन्ड फील्डला चिन्ह असेल तर ते शेवटच्या बाइटात शिरतं, आणि मग रकमेच्या शेवटी अक्षर दिसतं. अधिक ५ चा बाइट सी५, तो छापला की इंग्रजी ई. उणे ५ चा डी५, तो एन. शून्य असेल तर अधिकला सी०, म्हणजे उघडणारा महिरपी कंस, आणि उणेला डी०, म्हणजे बंद होणारा. ‘रकमेच्या शेवटी एन आलाय, डेटा खराब आहे’ अशी तिकिटं येत राहतात. तो उणे पाच आहे, दुसरं काही नाही.

चारशेचे दोनशे कसे झाले

एब्सिडिकमधून आस्कीत (लिनक्सच्या अक्षरसंकेतात) टेक्स्ट म्हणून रूपांतर करणारा प्रोग्राम कॉपीबुक बघत नाही. तो प्रत्येक बाइट एका तक्त्यातून काढतो. ४० ही त्याच्या दृष्टीने स्पेस, म्हणून तिचं होतं २०. ०० चं ०० राहतं, ०सी चं ०सी राहतं. मग ०० ०० ४० ०० ०सी याचं झालं ०० ०० २० ०० ०सी. अंक नीट, चिन्ह नीट, पॅक्ड फील्ड पूर्णपणे वैध. फक्त रक्कम निम्मी. म्हणूनच एरर येत नाही, आणि म्हणूनच हा दोष बाकीच्यांपेक्षा घातक आहे: फाइल मोडली असती तर निदान कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

इतर लक्षणांचा उगमही इथेच. पंचवीस हजारांची शिल्लक पॅक्डमध्ये ०० २५ ०० ०० ०सी अशी बसते, पंधरा हजारांची ०० १५ ०० ०० ०सी. एब्सिडिकमध्ये २५ आणि १५ हे दोन्ही बाइट नव्या ओळीचे संकेत आहेत. रूपांतर कुठल्या तक्त्यातून झालं त्यावर त्यातला कुठला लिनक्सच्या ०ए मध्ये बदलतो ते ठरतं, आणि तिथे रेकॉर्डचे दोन तुकडे होतात. गोल रकमांचीच रेकॉर्ड का तुटतात असा प्रश्न पडला असेल तर त्याचं कारण हे. व्यवहारांची संख्या २१ किंवा ३७ असली तरी तोच बाइट तयार होतो.

उणे शिल्लक शून्याने संपत असेल तर शेवटचा बाइट ०डी. तो आस्कीतही ०डी च राहतो, म्हणजे कॅरेज रिटर्न. विंडोज-लिनक्सच्या ओळी सारख्या करणारी काही टूल तो निमूटपणे काढून टाकतात आणि पुढची सगळी फील्ड एका बाइटने डावीकडे सरकतात.

आखूड ओळींचं कारण वेगळं. टेक्स्ट पद्धतीत रेकॉर्डच्या शेवटच्या स्पेस कापल्या जातात. आपल्या नमुन्यात फिलरचे २१ बाइट स्पेस आहेत, ते गेले तर बिघडलं नाही असं वाटतं. पण व्यवहारांची संख्या ६४ असेल तर? ६४ म्हणजे हेक्समध्ये ००४०. तो शेवटचा ४० फिलरच्या स्पेसला लागूनच आहे, आणि कापणाऱ्याला तोही स्पेसच वाटतो. ओळ ५९ ऐवजी ५८ बाइटवर संपते, आणि संख्येचा अर्धा भाग गायब होतो.

रूपांतर नेमकं कुठे होतं

एफटीपीची मूळ पद्धत टेक्स्ट आहे. लिनक्सवरचे काही एफटीपी क्लायंट समोर युनिक्स दिसलं की आपोआप बायनरीवर जातात. मेनफ्रेमला जोडल्यावर मात्र समोरची सिस्टीम एमव्हीएस (मेनफ्रेम) असल्याचं दिसतं आणि क्लायंट टेक्स्टवरच राहतो. एरवी बायनरी सांगायची सवय नसते, आणि तिथेच घात होतो. फाइल उतरवणाऱ्या गेट कमांडच्या आधी ‘बिन’ द्या. स्क्रिप्टमध्येही ती ओळ स्वतः लिहा. शेवटच्या स्पेस राखायच्या म्हणून ‘साइट ट्रेलिंगब्लँक्स’ देतात, पण पॅक्ड फील्ड असेल तर तो उपाय नव्हे. ओळींची लांबी सारखी होते आणि रकमा तशाच चुकीच्या राहतात.

एससीपी आणि एसएफटीपी यांतला फरक पुष्कळांना माहीत नसतो. झेड/ओएसच्या (मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या) ओपनएसएसएचमध्ये एसएफटीपी फाइल बायनरी धरतं, आणि एससीपी टेक्स्ट धरून एब्सिडिक-आस्की रूपांतर करतं. तीच फाइल, तेच मशीन, फक्त कमांड बदलली की निकाल बदलतो. झोवी या मेनफ्रेमशी जोडणाऱ्या टूलच्या कमांड लाइनवरून डेटासेट उतरवतानाही टेक्स्ट हीच मूळ पद्धत, म्हणून --बायनरी हा पर्याय द्यावाच लागतो.

एकदा टेक्स्टने उतरवलेली फाइल उलट रूपांतर करून दुरुस्त करायचा प्रयत्न करू नका. ४० चं २० झालं ते परत ४० होईल, पण कापलेल्या स्पेस, निघून गेलेला ०डी आणि तुटलेल्या ओळी परत येणार नाहीत. कुठलं रेकॉर्ड बरं झालं आणि कुठलं नाही हे मग कुणालाच सांगता येणार नाही.

बरोबर उतरवणं आणि तपासणं

यूएसएसच्या शेलमधून:

सीपी -बी "//'आयएनडी१.कस्ट.मास्टर'" /यू/आयएनडी१/कस्ट.बिन

इथे बी मोठं हवं. अवतरणचिन्हं दोन्ही लागतात: बाहेर दुहेरी, आत एकेरी. बाहेरची विसरली तर आतली शेल खाऊन टाकतं. आतली नसली की तुमचा प्रिफिक्स पुढे जोडला जातो आणि डेटासेट सापडत नाही असं उत्तर येतं. पर्याय न देता साध्या सीपीवर विसंबू नका, टेक्स्ट म्हणून कॉपी झाली तर प्रत्येक रेकॉर्डला नवी ओळ जोडली जाते आणि शेवटच्या स्पेस जातात.

पहिली तपासणी आकाराची. डब्ल्यूसी -सी कस्ट.बिन. दहा हजार रेकॉर्ड गुणिले ८० म्हणजे बरोबर ८,००,००० बाइट यायला हवेत. ८,१०,००० आले तर प्रत्येक रेकॉर्डला एक नवी ओळ चिकटली, ८,२०,००० आले तर कॅरेज रिटर्नसकट दोन बाइट. ८० ने भागच जात नसेल तर पुढे काही पाहायची गरज नाही, फाइल बहुधा टेक्स्टने आलीय. लिनक्सवर उतरवल्यावर हीच मोजणी पुन्हा करा.

मग डंप. तिसऱ्या रेकॉर्डची शिल्लक आणि संख्या पाहायची असेल तर आधी दोन रेकॉर्डांचे १६० बाइट सोडायचे, वर ५२:

ओडी -ए डी -टी एक्स१ -व्ही -जे २१२ -एन ७ कस्ट.बिन

ए आणि एन मोठे, बाकी लहान. उत्तर ०० ०० ४० ०० ०सी ०० ०सी असं यायला हवं, तिन्ही ठिकाणी. -ए डी मुळे ऑफसेट दशमानात येतो. नाही दिलं तर तो अष्टमानात येतो आणि २१२ शोधता शोधता वेळ जातो.

-व्ही का, हेही सांगायला हवं. एकसारख्या ओळी आल्या की ओडी त्या छापत नाही, जागी एक तारा (*) टाकतो. फिलर किंवा रिकामी रेकॉर्ड जास्त असली की डंपातून मोठा भाग गायब दिसतो आणि ‘मधली रेकॉर्ड आलीच नाहीत’ अशी तक्रार जाते. -व्ही दिलं की सगळ्या ओळी येतात.

आणि -टी एक्स१ च्या जागी नुसतं -एक्स कधी वापरू नका. -एक्स दोन-दोन बाइटांचे शब्द करून दाखवतं. मेनफ्रेमवर ते सरळ क्रमाने दिसतात, कारण तिथे मोठा बाइट आधी. इंटेलच्या मशीनवर तेच शब्द उलटे: सी९डी५ च्या जागी डी५सी९. फाइल दोन्हीकडे सारखीच असते, पण दोन डंप शेजारी ठेवले की एक बिघडलेला वाटतो. एक्स१ एकेक बाइट दाखवतं, त्यामुळे तो दोन्ही मशीनवर सारखाच दिसतो.

लिनक्सवर अक्षरांसकट पाहायचं असेल तर एक्सएक्सडी -ई (ई मोठं). उजव्या बाजूचा मजकूर एब्सिडिक म्हणून वाचला जातो आणि शहराचं नाव ओळखू येतं. नुसत्या मजकुराच्या फाइलला आयकॉन्व्ह (अक्षरसंकेत बदलणारी कमांड) लावताना कोडपेज, म्हणजे एब्सिडिकचा नेमका तक्ता कुठला, ते विचारून घ्या. ०३७ आणि १०४७ मध्ये अक्षरं-अंक सारखे, पण चौकोनी कंस वेगळे: ०३७ मध्ये बीए आणि बीबी, १०४७ मध्ये एडी आणि बीडी. कंसांच्या जागी विचित्र अक्षरं आली तर कोडपेज चुकलं इतकंच.

यूएसएसमध्ये सीएचटॅगने फाइलचं कोडपेजचं लेबल बदललं म्हणून बाइट बदलत नाहीत. एलएस -टी (टी मोठं) ने लेबल पाहून घ्या, बायनरी फाइलला सीएचटॅग -बी लावा, म्हणजे आपोआप रूपांतराची सोय चालू असली तरी ती या फाइलला हात लावणार नाही.

एक कळकळीची सूचना. या डंपांमध्ये खऱ्या माणसांची नावं आणि शिलका असतात. प्रॉडक्शनची फाइल /टेम्प मध्ये टाकू नका, स्वतःच्या फोल्डरात सीएचमॉड ६०० करून ठेवा आणि काम संपलं की काढून टाका. तिकिटाला फक्त त्या सात बाइटांचा डंप जोडा, अख्खं रेकॉर्ड नको. दोष दाखवायला सात बाइट पुरतात.

समोरच्याला टेक्स्टच हवी असेल तर

तर रूपांतर मेनफ्रेमवरच, डीएफसॉर्टने (मेनफ्रेमचा सॉर्ट प्रोग्राम), फील्डचा प्रकार सांगून करायचं:

  ऑप्शन कॉपी
  आउटरेक बिल्ड=(१,५२,५३,५,पीडी,एडिट=(एसआयआयआयआयआयआयटी.टीटी),साइन्स=(,-),
  ५८,२,एफआय,एडिट=(एसटीटीटीटीटी),साइन्स=(,-))

पहिले ५२ बाइट जसेच्या तसे, शिल्लक ११ अक्षरांत, संख्या ६ अक्षरांत. नवी लांबी ६९. कॉम्प फील्ड चिन्हासह आहे म्हणून एफआय. चिन्ह नसतं तर बीआय. आता फाइलमध्ये एकही पॅक्ड बाइट उरला नाही, ती खुशाल टेक्स्टने पाठवा. दर महिन्याला हे तिकीट येत असेल तर कायमचा उपाय हाच: पाठवणाऱ्या जॉबमध्ये ही एक पायरी वाढवणं.

मूळ डेटा खरंच खराब असेल तर

तेही होतं, आणि ते ओळखायला डोळ्यांनी डंप चाळायची गरज नाही. आइसटूलला (डीएफसॉर्टसोबतचं टूल) सांगा: व्हेरिफाय फ्रॉम(इन) ऑन(५३,५,पीडी) लिमिट(५०). ज्या रेकॉर्डमध्ये अंक किंवा चिन्ह अवैध आहे त्याचा क्रमांक आणि हेक्स किंमत छापून मिळते. फक्त तीच रेकॉर्ड वेगळी काढायची असतील तर इन्क्लूड कंड=(५३,५,पीडी,एनई,नम).

सापडतात ती बहुधा दोन प्रकारची. सगळे ४०: कुणीतरी गटाच्या नावावर मूव्ह स्पेसेस केलं. सगळे ००: फील्ड लो-व्हॅल्यूजने भरलं आणि नंतर आकडा टाकलाच नाही. दोन्हींत चिन्हाच्या जागी ० येतो, चिन्ह म्हणून ए ते एफ च चालतात, आणि हिशोब करायला गेलं की एस०सी७ (अवैध अंकांमुळे प्रोग्राम पडल्याचा कोड). व्हेरिफाय स्वच्छ आलं आणि तरी लिनक्सवर आकडे चुकीचे असतील तर मूळ डेटाला दोष देणं तिथेच थांबवा.

व्हीबी आणि व्हीसॅम, थोडक्यात

व्हीबी (बदलत्या लांबीच्या रेकॉर्डांची) फाइल बायनरीने उतरवली की रेकॉर्डांच्या सीमा जातात, कारण लांबी सांगणारे चार बाइट सोबत येत नाहीत. एफटीपीत ‘साइट आरडीडब्ल्यू’ द्या म्हणजे ते येतील. डीएफसॉर्टमध्ये व्हीबीची स्थानं चारने पुढे सरकतात. डेटा पाचव्या स्थानापासून.

व्हीसॅम (मेनफ्रेमचा आणखी एक फाइल-प्रकार) आयएसपीएफच्या ब्राउजमध्ये उघडत नाही, आयडीकॅम्सचा प्रिंट मात्र चालतो. केएसडीएसमध्ये (किल्लीने, इथे खाते क्रमांकाने, शोधता येणाऱ्या व्हीसॅममध्ये) स्किपच्या जागी फ्रॉमकी(४५००१२) देऊन थेट त्या खात्यावर जाता येतं. स्किप आणि फ्रॉमकी एकत्र चालत नाहीत. आयडीसी३३५१आय या संदेशात ओपनचा कोड १६० आला तर क्लस्टर (ती व्हीसॅम फाइल) रिकामा आहे का ते आधी पाहा. १६८ आला तर तो दुसऱ्या कुणी धरून ठेवला असण्याची शक्यता जास्त.

शहराचं नाव देवनागरीत आलं तर

इकडच्या फॉर्मवरून येणाऱ्या फाइलींमध्ये हे आता दिसतं. डंपच्या उजव्या बाजूला उलटी तिरपी रेघ, मग यू, मग जी, परत रेघ, यू, बी अशी रांग येते. बघणाऱ्याला वाटतं की कुणीतरी युनिकोडचे संकेत मजकूर म्हणून टाइप केले. तसं नसतं. ‘इंदूर’ यूटीएफ-८ मध्ये पाच खुणांचं, पंधरा बाइटांचं होतं: ई०ए४८७ ई०ए४८२ ई०ए४ए६ ई०ए५८२ ई०ए४बी०. एब्सिडिकमध्ये ई० म्हणजे उलटी रेघ आणि ए४ म्हणजे यू. बाइट बरोबर आहेत, ते चुकीच्या तक्त्यातून वाचले जातायत.

खरी अडचण लांबीची. शहराचं फील्ड दहा बाइटचं. त्यात इ, अनुस्वार आणि द पूर्ण बसतात, नऊ बाइट. दहावा बाइट ई० एकटा उरतो, म्हणजे तोडलेल्या खुणेचा पहिला तुकडा. कडक तपासणी करणारं आयकॉन्व्ह तिथे थांबतं आणि अवैध बाइट असल्याचं सांगतं.

यावर फील्ड ३० बाइटचं करून फिलर २१ वरून १ वर आणायचा मोह होतो, म्हणजे एलरेकल ८० च राहील. तसं करायचं असेल तर लक्षात ठेवा की शिल्लक ५३ वरून ७३ वर जाते. आकाराची तपासणी हे पकडणार नाही, कारण लांबी बदललेलीच नाही. जुन्या कॉपीबुकाने कंपाइल केलेला प्रोग्राम ५३ ते ५७ वाचेल, तिथे शहराच्या नावानंतर कोबोलने भरलेल्या स्पेस असतील, पाच वेळा ४०, आणि तो एस०सी७ ने पडेल. वरच्या ओडीतला २१२ तेव्हा २३२ करायचा, डीएफसॉर्टमधले ५२, ५३ आणि ५८ अनुक्रमे ७२, ७३ आणि ७८ करायचे, आणि आइसटूलचा ऑन(५३,५,पीडी) हा ऑन(७३,५,पीडी) करायचा.